दयेचे पाच अर्थ

“दय् या धातूचे अर्थ पाच. देणं, जाणं, राखणं, मारणं आणि घेणं. तुम्ही यांतल्या कुठल्या?”

नोकरीच्या पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तोवर फक्त नाव सांगितलं होतं. माझं नाव दयेवरून बेतलेलं आहे, एवढंच इथं सांगते. वडिलांनी मोठ्या हौसेनं ते ठेवलं होतं, आणि त्यात मारणंही येतं हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

विचारणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, काळी टोपी, आणि नाकावर इतका खाली उतरलेला चष्मा की तो वाचायला आहे की पडू नये म्हणून नाक आहे, हे कळू नये. शाळेत सगळे त्यांना गुरुजी म्हणत. तसे तिथं आणखी पाच गुरुजी होते, पण त्यांना आडनावं लावावी लागत. नुसतं गुरुजी म्हटलं की हेच.

मी गोंधळून म्हटलं, “मी चौथीच्या वर्गाला आलेय.”

“चौथा अर्थ मारणं,” ते म्हणाले, आणि समाधानानं पुन्हा वहीत डोकं घातलं.

एकोणीसशे पन्नास उलटून दोनेक वर्षं झाली असतील. अंधेरी स्टेशनातून उतरून वेसाव्याच्या रस्त्याला लागलं की आंबोलीच्या अलीकडे आमची शाळा होती. कौलारू, लांबलचक, मधे पडद्याच्या भिंती घातलेली. तिसरीतले पाढे चौथीत ऐकू यायचे आणि चौथीतल्या छड्या पाचवीत. गुरुजी वरच्या वर्गांना मराठी आणि संस्कृत शिकवत. पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. दया, दान, कृपा, करुणा असल्या अर्थाची माणसांची नावं ते जमवत असत. कुठल्याही भाषेतली, कुठल्याही धर्मातली चालत. नाव मिळालं की ते चिठ्ठीवर लिहायचं, त्याचं मूळ शोधायचं, आणि चिठ्ठी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. पहिल्या आठवड्यात मी तो डबा मधल्या सुट्टीत भुकेपोटी उघडला होता. आत शेकडो चिठ्ठ्या. वरचीच उचलली तर तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘करीम : अरबी : उदार : टांगेवाला, स्टेशन, पश्चिम.’

या करीम टांगेवाल्याला गुरुजींनी एकदा भर रस्त्यात थांबवून त्याच्या नावाचा अर्थ सांगितला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वो तो मालूम है मास्टरजी. इसलिए तो घोडे को आज छुट्टी दिया. आप पैदल जाव.” गुरुजींनी ही गोष्ट मला स्वतःच सांगितली, आणि वर म्हणाले, “बघा, नाव कसं लागू पडतं!”

शाळेत शिवणकाम शिकवायला मर्सी नावाच्या एक बाई येत. मरोळच्या, इथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. गुरुजींनी शाळेची जाडजूड डिक्शनरी चार दिवस घरी नेली आणि परत येऊन जाहीर केलं, “मर्सीबाई, तुमच्या नावाचा आजचा अर्थ दया. पण लॅटिनमध्ये मूळ अर्थ निघतो मोबदला. मजुरी म्हणा हवं तर.”

मर्सीबाईंनी दातांतली सुई काढली. “मंग गुरुजी, हेडमास्तरांना सांगा ना, आमच्या मजुरीवर जरा दया करा म्हणून. दोनी एकच हायेत ना?”

शिपाई सुदाम तर त्यांच्या फार आवडीचा. “लोकांना वाटतं सुदामा म्हणजे दरिद्री,” ते सांगत. “अरे, सुदामा म्हणजे भरभरून देणारा! तो पोहे घेऊन गेला ते द्यायला गेला होता. हे कुणी बघतच नाही.” सुदामनं हे नीट ध्यानात ठेवलं. पुढे त्याला रजा पाहिजे असली की तो गुरुजींना मधे घालायचा. “गुरुजी, तुम्हीच सांगा हेडमास्तरांना. बारा महिने भरभरून देतो, दोन दिवस नाही दिलं तर काय बिघडलं?”

आता कुणाला वाटेल की हे गृहस्थ स्वभावानं मायाळू असतील. छे! खडूचा तुकडा मागितला तरी ते खिशावर हात ठेवत. पोरांच्या पाठीत धपाटा घालताना त्यांना कधी अडखळलेलं मी पाहिलं नाही. पावसाळ्यात स्वतःच्या छत्रीखाली दुसऱ्याला घ्यायची वेळ आली तर ते पावसाच्या बाजूनं चालायला सांगत. दयेचा त्यांना अभ्यास होता, सवय नव्हती.

शाळेत नव्यानं येणाऱ्या मुलांची नावं मात्र त्यांच्या तावडीतून सुटत नसत. त्या काळी वेसावे, यारी रोड, मरोळकडून आईबाप पोर घेऊन यायचे. जन्मतारीख माहीत नसायची, ती गुरुजी ठरवायचे, आणि नाव जरा ओबडधोबड वाटलं तर तेही बदलायचे. कुणी फारशी हरकत घेत नसे. मास्तर म्हणतात तर असेल. त्यामुळे माझ्या वर्गात त्या साली चार करुणा होत्या, दोन कृपा होत्या, एक दयानंद आणि एक कृपाराम होता. शिवाय एक अनुकंपा होती. ‘अनुकंपा म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून त्याच्याबरोबर थरथरणं,’ असं गुरुजींनी तिच्या वडिलांना समजावलं होतं. ती मुलगी चावायची. सगळा वर्ग तिच्याबरोबर थरथरत असे.

हेडमास्तरांना नातू झाला तेव्हा गुरुजींनी न मागता एक नाव सुचवलं. दानशौंड.

“म्हणजे काय?” हेडमास्तरांनी विचारलं. सावध, किरकोळ, कपाळाला कायम आठी असलेला माणूस. सरकारी परिपत्रक आलं की उभं राहून वाचायचे.

“शौंड म्हणजे दारुडा. दानाची ज्याला दारू चढली आहे असा. दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की तोल जातो असा माणूस. फार सुंदर शब्द आहे.”

“गुरुजी,” हेडमास्तरांनी आधी खिडकी लावून घेतली, “राज्यात दारूबंदी आहे. माझी पेन्शन जवळ आली आहे.”

नातवाचं नाव अरुण ठेवलं. गुरुजी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

गुरुजींचं बिऱ्हाड आंबोलीत, दुमजली चाळीत वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मी तिथून दोन गल्ल्या सोडून राहत होते, म्हणून जाणंयेणं व्हायचं. त्यांच्या पत्नी म्हणजे गुरुजींच्या बरोबर उलट. दारात कुणी उभं राहिलं की त्यांचा हात आधी डब्याकडे जाई. लग्नात गुरुजींनी त्यांचं नाव ठेवलं होतं वदान्या. ‘जी म्हणते, मागा, अजून मागा,’ असा त्याचा अर्थ. नाव सुरेख, पण ते घ्यायचं कुणी? दूधवाला भय्या ‘वदनबाई’ म्हणायचा. शेजारीण ‘वंदनाताई’ म्हणायची. आणि रेशनकार्ड करणाऱ्या कारकुनानं ऐकलं काय कोण जाणे, कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहून आलं होतं, वेदना.

“तेच खरंय गं,” काकू मला कार्ड दाखवून म्हणाल्या. “ह्यांनी नाव ठेवलं मागा मागा म्हणणारी, आणि जन्मभर हेच मागत बसले. चहा माग, टोपी माग, चष्मा माग. चष्मा नाकावरच असतो.”

“मूळ अर्थाशी धरून आहे,” आतून गुरुजी म्हणाले.

अशी सगळी गंमतच चालली होती. ती थांबली एका जूनमध्ये, प्रवेशाच्या आठवड्यात.

व्हरांड्यात टेबल टाकून गुरुजी जनरल रजिस्टर लिहायला बसले होते आणि मी शेजारी दाखले तपासत होते. हे रजिस्टर म्हणजे शाळेचा जीव. मुलाचं नाव एकदा त्यात चढलं की ते जन्माला पुरायचं. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून हे काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. ‘माझ्या हातून अठरा वर्षांत एक खाडाखोड नाही,’ हे ते दरवर्षी, आकडा तेवढा एकानं वाढवून, प्रवेशाच्या पहिल्या दिवशी सांगत आणि आम्ही दरवर्षी आश्चर्य दाखवत असू.

वेसाव्याची एक कोळीण आली. बाजार उरकून आली असावी. टोपली तिनं पायरीवर ठेवली, पोरीला पुढे केलं. सहा वर्षांची, तेल लावून चापून वेणी घातलेली, वेणीत ताजा गजरा. पोर गुरुजींच्या चष्म्याकडे टक लावून बघत होती.

“नाव?”

“भिकी.”

टाक थांबला. “हाक मारायचं नको. पाळण्यातलं सांगा.”

“पालन्यातलंच हाय.”

“अहो, अर्थ कळतो का? भीक! शाळेत चिडवतील तिला. चिडवतात. मला ठाऊक आहे.” बोलता बोलता त्यांचा टाक पुन्हा चालू झाला होता. “हे बघा, मी कृपा लिहिलंय. कृपा म्हणजे देवानं केलेली दया. या नावानं हाक मारत जा.”

बाईनं टेबलावर दोन्ही हात टेकले. “पूस तें.”

“हे जनरल रजिस्टर आहे बाई. यात खाडाखोड होत नाही. अठरा वर्षांत...”

“तुजी अठरा वर्सां घाल त्या खाडीन! माजी चार पोरां गेली!”

व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघू लागली. घंटेखाली उभा राहिलेला सुदामही जवळ आला.

बाईचा आवाज उतरला. “चौघांची नावां चांगलीच ठेवलती, मास्तर. देवादिकांची. एक पन वरीसभर टिकला नाय. हिच्या वक्ताला मी शानी झाली. बाराव्या दिसाला पदर पसरून पाच घरां हिंडली. म्हटला, पोर माजी नाय, तुमची हाय. पसाभर तांदूल द्या नि जगवा. पाच घरांनी दिलान. त्याची खीर केली न हिच्या व्होटाला लावली. मी नुसती जल्माला घातली रं. दिली ती त्या पाच बायांनी. म्हून भिकी. तू तें नाव पुसतंस, मंग त्या बायांना मी काय सांगू?”

गुरुजींनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, “आणि शाळेत चिडवतील त्याचं काय?”

“चिरवू देत. जित्या पोरीलाच चिरवतान.”

मला वाटलं, आता गुरुजी धातू सांगणार. त्यांनी सांगितला नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डोक्यावर टोपीची वर्तुळाकार खूण होती.

“तांदूळच मागितलेत?” त्यांनी विचारलं. “दुसरं काही नाही?”

“तांदूलच.”

“आणि खीर.”

“खीरच तं. तान्ह्या पोराला काय सुका बोंबील घालू?”

गुरुजींनी पट्टी घेतली, तांबडी शाई घेतली, आणि ‘कृपा’वर एक सरळ आडवी रेघ मारली. अठरा वर्षं संपली. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘भिकी’. मग शेवटच्या रकान्यात, जिथं शेरा लिहायचा असतो, तिथं बराच वेळ काहीतरी लिहीत बसले.

पोरीला हाताशी धरून जाताना बाई पायरीवरून परत फिरली. टोपलीतून दोन सरंगे काढून केळीच्या पानात गुंडाळले आणि प्रवेशाच्या अर्जांवर ठेवले. “बाजारान एवरेच उरलंत. चांगली तलून खा.”

गुरुजींच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासळीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मी धावून काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी हातानं थांबवलं. पुडकं दोन बोटांनी उचललं.

“पाचवा अर्थ, बाई,” ते मला म्हणाले. “घेणं.”

चार वाजेपर्यंत ते पुडकं त्यांच्या खुर्चीखाली होतं आणि तीन मांजरं खुर्चीभोवती. शाळा सुटल्यावर त्यांनी ते सुदामला दिलं. गुरुजींनी कुणाला काही दिलेलं मी पाहिलं ते हे पहिलंच. सुदाम इतका घाबरला की घरी जाऊन त्यानं मासे दोनदा धुतले.

खरा भडका दुसऱ्या दिवशी उडाला. हेडमास्तर रजिस्टर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. कपाळाच्या आठीचं त्रिशूळ झालं होतं.

“गुरुजी, हा काय शेरा आहे? ‘आधी लिहिलेले नाव या नावापेक्षा कमी दयाळू आढळल्याने रद्द केले.’ तपासणीला साहेब आले तर काय सांगू? ‘लेखनिकाची चूक’ असं लिहा आणि सही करा.”

“चूक लेखनाची नव्हती.”

“मग कसली होती?”

“अर्थाची.”

“सरकारी रजिस्टरात अर्थाला रकाना नाही!”

“म्हणून तर शेऱ्यात लिहिलं.”

हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. गुरुजींनी तो तिसऱ्या दिवशी दिला. अकरा पानं. पहिल्या सात पानांत दया, दान, कृपा आणि करुणा या शब्दांच्या मुळांचा विचार होता. आठव्यापासून भिकू, धोंडू, दगडू, केरू या नावांकडे वळून म्हटलं होतं की, बाकीच्या नावांत दयेचा नुसता अर्थ असतो. ही नावं ठेवताना मात्र कुणीतरी खरोखर दारोदार गेलेलं असतं आणि कुणीतरी खरोखर दिलेलं असतं. तेव्हा आजवर आपण जमवलेल्या संग्रहात ही नावं नसणं हा संग्राहकाचा अडाणीपणा होय. हेडमास्तरांनी दोन पानं उभ्यानं वाचली, नंतर बसून वाचली, आणि शेवटी खुलासा फायलीला लावून टाकला. शेरा तसाच राहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पानं मोजली, सही केली आणि चहा घेऊन गेले.

मुलगी माझ्याच शाळेत शिकत राहिली. चिडवायचे तिला, चिडवायचे तर खरंच. पण ती चिडायची नाही. ‘मला पाच घरां हायेत, तुला एकच हाय,’ असं ती तोंडावर सांगायची.

त्या जूननंतरच्या संक्रांतीला काकूंकडे हळदीकुंकू होतं. मी मदतीला लवकर गेले होते. काकू तिळाचे लाडू वळत होत्या, मी वाटीत हळद कालवत होते. बोलता बोलता त्या एकदम म्हणाल्या, “तुला ह्यांचं नाव ठाऊक आहे का गं?”

मी विचारात पडले. शाळेच्या कागदांवर त्यांची सही म्हणजे ‘भि.’ आणि पुढे आडनाव. ‘भि’ म्हणजे भिवा असणार असं आम्ही धरून चाललो होतो. तसं म्हटल्यावर काकू हसल्या.

“लहानपणी गावच्या शाळेत पोरं भीक घाला, भीक घाला करून मागे लागायची म्हणे. तेव्हापासून नाव टाकलं ह्यांनी. लग्नात भटजींनी उच्चारलं तेवढंच. मला बजावून ठेवलं, उखाण्यात दयानिधी असं घ्यायचं. आता बाई माणसानं नवऱ्याचं नाव कितीदा घ्यायचं, वर्षातनं दोनदा-तीनदा. तेही मी तीस वर्षं कुणा दयानिधी नावाच्या परक्या पुरुषाचं घेत आले.”

मला हसू फुटलं. काकूही हसल्या, पण हातातला लाडू तसाच राहिला.

“जूनमध्ये एक दिवस शाळेतून आले ते थेट इथं येऊन पाटावर बसले. चहा नाही मागितला, काही नाही. म्हणाले, ‘आईनं माझ्यासाठी पाच घरं मागितली होती. मोठी तिघं गेली होती ना! ती मला सांगायला यायची, तांदळाची गोष्ट, खिरीची गोष्ट, आणि मी कानांत बोटं घालायचो. पुढे ती गेलीच.’ एवढं बोलले आणि उठून बाहेर गेले. पुन्हा विषय नाही.”

बायका जमल्या. चाळीतल्या सगळ्या, शिवाय शाळेतल्या आम्ही दोघी. मर्सीबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. गुरुजी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत दार ओढून बसले होते. हळदीकुंकू झालं, वाण लुटून झालं, आणि नाव घ्या, नाव घ्या असा गलका सुरू झाला. काकूंची पाळी आली. दयानिधीचा उखाणा सगळ्यांना पाठ होता. कुणीतरी त्याची सुरुवातही करून दिली.

काकूंनी तिला हातानं गप्प केलं. पदर सारखा केला. एकदा आतल्या दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या,

“पाच घरच्या तांदळाची सासूबाईंनी शिजवली खीर,
भिकाजीरावांचं नाव घ्यायला झाला तीस वर्षं उशीर.”

कुणाला काही कळेना. वंदनाताई म्हणणारी शेजारीण माझ्याकडे बघू लागली, मी खाली बघू लागले. भिकाजीराव कोण, हे विचारायची कुणाची हिंमत होईना. काकूंचा चेहरा कुंकवासारखा झाला होता. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता गुरुजी बाहेर येणार आणि संक्रांतीचं वाटोळं होणार.

दार उघडलं नाही. दारामागून त्यांचा आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला सांगतात तसा, पण जरा घोगरा.

“अगं, इथं नीट ऐकू नाही आलं. पुन्हा घे.”